हर्णैहून आलेली पिशवी

बी-२०३ वहिनी: सर, आम्ही काल रात्री दापोलीहून परत आलो. मुलांनी हर्णै आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरून पिशवीभर शंख-शिंपले गोळा करून आणलेत. फोटो टाकतेय. जमेल तसं सांगाल का काय काय आहे ते? लेकीला वहीत नावं लिहायची आहेत.

बी-२०३ वहिनी: 📷 📷 📷 📷

ए-४०१ सर: अरे वा! सांगतो सगळं. पण नावांच्या आधी एक काम करा. एकेक शंख हातात घेऊन त्याच्या तोंडात बघा. आत काही ओलं, मऊ दिसतंय का? तोंडावर चकती बसलीय का?

बी-२०३ वहिनी: दुसऱ्या फोटोतल्या गोल शंखाच्या तोंडावर तपकिरी पातळ चकती आहे. नखाने ओढली तरी निघत नाही.

ए-४०१ सर: ओढू नका. ते त्याचं झाकण आहे. गोगलगाय अंग आत ओढून घेते आणि झाकण लावून बसते. म्हणजे आतला जीव एक तर जिवंत आहे, नाही तर नुकताच गेलाय. तो वेगळा काढून ओल्या फडक्यावर ठेवा. नळाच्या पाण्यात मात्र टाकू नका, गोड्या पाण्यात तो मरतो.

बी-२०३ वहिनी: मग आता काय करायचं? लेक रडवेली झालीय.

सी-१०२ भाऊ: वहिनी, माझा शालक आज रात्रीच्या गाडीने सुरतला चाललाय. तिथून डुमस जवळच आहे. समुद्रात सोडून येईल तो, मी सांगतो त्याला.

ए-४०१ सर: भाऊ, तुमचं मन मोठं आहे, पण नको. हर्णैला वाळू आणि खडक, डुमसला तापीचा आणि खंबातच्या आखाताचा गाळ. तिथं हा जगेलच असं नाही. शिवाय एका किनाऱ्यावरचा जीव दुसऱ्या किनाऱ्यावर सोडू नये, त्याच्याबरोबर काय काय जातं ते आपल्याला दिसत नाही. याच्यासाठी आता जळगावातून करण्यासारखं काही नाही, हे मुलीला खरं खरं सांगा. पुढच्या वेळी तिथंच, वाळूवर असतानाच तोंड बघायचं. झाकण असेल तर पाण्याच्या कडेला परत ठेवायचा.

बी-२०३ वहिनी: सांगितलं. ऐकलं तिने. बाकीचे सगळे रिकामे आहेत, तिने स्वतः एकेक तपासला.

ए-४०१ सर: शाब्बास! आता तिला पहिला फोटो दाखवा. एका शिंपल्याला टोकाजवळ गोल भोक दिसतंय ना? मुलांना वाटतं, माळ ओवण्यासाठी कुणी तरी पाडलंय. खरं तर ती शिकारीची खूण आहे. मून स्नेल नावाची गोगलगाय वाळूखाली शिंपल्याला पायात धरते, कवच मऊ करणारा आम्लयुक्त स्राव लावते आणि दातेरी जिभेने खरवडते. मग पुन्हा स्राव, पुन्हा खरवडणं. असं तासन् तास चालतं. आरपार गेली की आतलं मांस खाते. भोक बाहेरून रुंद आणि आत अरुंद, असं उतरतं असेल तर काम तिचंच.

बी-२०३ वहिनी: हो! कडा उतरतीच आहेत. लेक आता सगळे शिंपले उजेडात धरून भोकं शोधतेय 😊

ए-४०१ सर: आणि झाकणवाला गोल शंख त्याच मून स्नेलचा दिसतोय. तिसऱ्या फोटोत वाळूवर अर्धवट गोल पट्टी पडलीय, रबरी कॉलरसारखी. पुष्कळ लोक प्लास्टिकचा कचरा समजून ती उचलून फेकतात. ती मून स्नेलच्या अंड्यांची पट्टी असते, वाळू आणि चिकट द्रव यांची. तुम्ही नुसता फोटो काढलात, पट्टी तिथंच राहू दिलीत, फार बरं झालं.

डी-३०२ ताई: सर, ते पांढरं, हलकं, होडीसारखं काय आहे? थर्माकोल आहे का?

बी-२०३ वहिनी: सासूबाई म्हणताहेत, "हाई समुद्रफेन शे." त्यांच्या माहेरी शिरपूरला बटव्यात असायचं म्हणे, कानाच्या औषधाला.

ए-४०१ सर: आजींनी बरोबर ओळखलं. माकूल म्हणून समुद्री प्राणी असतो, त्याच्या पाठीतलं हे कवच. आत बारीक बारीक कप्पे असतात. त्यांतलं पाणी आणि वायू कमी-जास्त करून माकूल पाण्यात वर-खाली होते. ती मेल्यावर हे तरंगत किनाऱ्याला लागतं. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तेही हेच, चुन्यासाठी. कानात मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घालू नका.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. शनिवारी गच्चीवर भरीत पार्टी आहे. वांगी बामणोदची येतील. कळण्याची भाकरी किती जणांना हवी ते आज रात्रीपर्यंत कळवा.

सी-१०२ भाऊ: आमच्याकडे चार. सर, झाकणावरून आठवलं. आमच्या देवघरात गोमती चक्रं आहेत. एका बाजूला सपाट, त्यावर चक्राची रेघ. ती नदीतले दगड आहेत ना?

ए-४०१ सर: नाही भाऊ, तीही झाकणंच! टर्बो जातीच्या समुद्री गोगलगायीची. वहिनींकडच्या शंखाचं झाकण पातळ, शिंगासारख्या पदार्थाचं आहे. टर्बोचं जाड, चुनखडीचं असतं. गोगलगाय वाढते तसं झाकणही कडेने वाढत जातं, म्हणून ती चक्राची रेघ उमटते.

सी-१०२ भाऊ: इतकी वर्षं पुजतोय आणि हे आज कळतंय! घरी वाचून दाखवलं सगळ्यांना.

डी-३०२ ताई: मग इंद्रजालही समुद्रातलंच का? जाळीदार झाडासारखं असतं ते. नजर लागत नाही म्हणून एका ओळखीच्यांनी फ्रेम करून दाराशी लावलंय. मलाही एक जण आणून देतो म्हणत होता.

ए-४०१ सर: ताई, कृपा करून घेऊ नका. ती वनस्पती नाही. सी फॅन म्हणजे प्रवाळाचे भाऊबंद, बारीक बारीक जीवांची अख्खी वसाहत असते ती. फार हळू वाढते. समुद्राच्या तळातून उपटून, वाळवून, मंत्राच्या नावाखाली विकतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सी फॅन, प्रवाळ, समुद्री घोडा, समुद्री काकडी हे सगळे संरक्षित आहेत. विकणं गुन्हा, विकत घेणं आणि जवळ ठेवणंही गुन्हा. आणून देणारा पुन्हा भेटला तर वन विभागाला कळवा.

डी-३०२ ताई: बापरे. नाही घेणार. त्यांनाही सांगते.

बी-२०३ वहिनी: सर, चौथ्या फोटोतली ती गोल, पांढरी, पाच पाकळ्यांची नक्षी असलेली चकती? मुलाने जपून कापसात ठेवलीय.

ए-४०१ सर: सँड डॉलर. तारामाशाचा नातेवाईक, म्हणून पाचाची नक्षी. जिवंत असताना जांभळट किंवा तपकिरी असतो, अंगावर मखमलीसारखे बारीक काटे. पांढरा आणि गुळगुळीत म्हणजे मेलेला, तो ठेवायला हरकत नाही. नाजूक आहे, कापसातच राहू द्या.

बी-२०३ वहिनी: आणि ओहोटीच्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी होती, ती?

ए-४०१ सर: बारक्या खेकड्यांची. वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतात, उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. भरती आली की सगळं पुसलं जातं, पुढच्या ओहोटीला पुन्हा सुरू.

डी-३०२ ताई: आम्ही पावसाळ्यात अलिबागला जायचं म्हणतोय. मुलांना कशाला हात लावू द्यायचा नाही तेवढं सांगा.

ए-४०१ सर: दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पावसाळ्यात निळे, फुग्यासारखे ब्लूबॉटल वाहून येतात, खाली लांब निळे धागे. किनाऱ्यावर मरून पडले तरी ते धागे डंख करतात. डंख झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, धागा चिमट्याने काढायचा आणि डॉक्टरकडे जायचं. दुसरं म्हणजे शंकूच्या आकाराचा, नक्षीदार कोन शंख. जिवंत असला तर विषारी दात भाल्यासारखा मारतो. त्याच्या काही जातींच्या विषाने माणसं दगावली आहेत. सुंदर दिसला तरी मुठीत धरायचा नाही, खिशात टाकायचा नाही.

सी-१०२ भाऊ: सर, शालक डुमसला जाणारच आहे. त्याने तिथं काय बघावं?

ए-४०१ सर: ओहोटीला चिखल बघायला सांगा. निवट्या दिसतील, चिखलावर उड्या मारणारे मासे. डोळे डोक्याच्या वर, कल्ल्यांत आणि अंगावर ओल असेपर्यंत बाहेर राहतात. पण काठावरूनच बघायला सांगा. त्या आखातात भरती फार वेगाने आत येते आणि चिखलात पाय रुततो.

बी-२०३ वहिनी: शेवटचं एक. शिंपल्यांना वास येतोय. व्हिनेगरने धुऊ का?

ए-४०१ सर: व्हिनेगर नको, लिंबूही नको. कवच चुनखडीचं असतं, आंबटाने झिजतं आणि रंग उडतो. साध्या पाण्यात भिजत घाला, जुन्या ब्रशने घासा, सावलीत वाळवा. झाकणवाला शंख दोन दिवस तसाच राहू द्या. हालचाल नाही आणि वास सुटला, की उकळत्या पाण्यात घालून आतलं काढा आणि कुंडीत पुरा. आणि नावाशेजारी किनारा, तारीख, भरती होती की ओहोटी, हेही लिहायला सांगा. त्याशिवाय ती नोंद पुढे कुणाच्या कामाची नाही.

बी-२०३ वहिनी: लिहितेय. शनिवारी वही घेऊन गच्चीवर येईल तुमच्याकडे. सेक्रेटरी, आमच्या सहा भाकरी.