पोलक्याची शिलाई वाढली: चलनवाढ, भाववाढ की महागाई?

प्रश्न:
इंदूरात कानावर दिवसभर 'मुद्रास्फीति' पडते, मराठीत मी 'चलनवाढ' म्हणतो. परवा अडलो. क्लॉथ मार्केटमधून आईच्या पोलक्याचं कापड आणलं, तर शिलाई कापडापेक्षा जास्त! मशीन जुनंच, तुरपाई आणि हूक अजून हातानेच. ही चलनवाढ कशी?

उत्तर १:
दादा, ही भाववाढ. 'चलनवाढ' म्हणताना कारणही सांगून टाकतो आपण, की पैसा वाढला. इथे कारण निराळं आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात नवं यंत्र आलं की तोच कामगार जास्त माल काढतो, मालकाला जास्त पगार परवडतो. शिंप्याच्या हाताखालचा पोरगा तो पगार बघतो. त्याला टिकवायचं तर मजुरी वाढवावीच लागते, पण एका पोलक्याला वेळ लागतो तेवढाच. वाढलेली मजुरी मग शिलाईवर चढते. न्हाव्याकडच्या कटिंगचं, शिकवणीचं तेच. कारखाना आणि सेवा यांच्या उत्पादकतेतली ही तफावत बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये आपापल्या लेखांत मांडली. (उत्पादन म्हणजे एकूण माल, उत्पादकता म्हणजे माणशी, तासाला किती. हे दोन शब्द फार सरमिसळ होतात.)

उत्तर २:
पण शिलाई वाढली तसं कापड स्वस्त झालं, तर बेरीज तीच राहील. मग देशाची भाववाढ कुठून आली?

उत्तर १:
रास्त शंका. कापडाचा भाव जगाच्या बाजाराने बांधलेला असेल आणि चलनाचा दरही बांधलेला असेल, तर कापड उतरत नाही, शिलाई मात्र चढते. जपान बघा. १९४९ ते १९७१ डॉलरला ३६० येन. साठच्या दशकात कारखाने झपाट्याने सुधारले. घाऊक भाव जवळपास जागेवर, किरकोळ भाव वर्षानुवर्षं चढते, कारण त्यात सेवाही मोजल्या जातात. दर मोकळा असता तर हा ताण येन वधारून निघाला असता.

उत्तर ३:
'महागाई' राहिलीच की. मूळ महार्घ, अर्घ म्हणजे मोल. माझ्या मते भाववाढ बाजाराची, महागाई माणसाची. शिंप्याची कमाई भावाबरोबर वाढली, त्याला भाववाढ आहे, महागाई नाही. ज्याची मिळकत जागच्या जागी, त्याला तीच भाववाढ महागाई. म्हणून तर भत्ता 'महागाई भत्ता'.

प्रश्नकर्ता:
आईला हे वाचून दाखवलं. तिची पेन्शन बेताचीच. म्हणाली, "मग माझ्या पोलक्याला महागाईच म्हण."