मदत हवी आहे : स्टान्स बदलल्यापासून पोरीला बॉलच लागेना, पंधरा दिवसांवर मॅचेस आल्यात

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा, जिल्ह्याच्या मॅचेस पंधरा दिवसांवर आल्यात. माझी पोरगी शाळेच्या टीममधी आहे, गेल्या साली लई भारी मारायची, दोनदा तर बॉल कंपाउंडच्या भिंतीवरून बाहेर गेला होता. यंदा नवीन सर आले, त्यांनी स्टान्स, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायची पद्धत, बदलायला लावला अन् तवापासून बॉलच लागेना. परवा प्रॅक्टिस मॅचला चारदा उभी राहिली अन् चारही वेळा स्ट्राइक आउट, म्हणजे तीनदा हुकली अन् आउट. घरी येऊन बॅग कोपऱ्यात टाकली, जेवली नाही, आईच्या मांडीवर डोकं ठेवून गप पडून राहिली. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघायलोय पण सगळे इंग्रजीत, अन् एक म्हणतो पाय फाकवा, दुसरा म्हणतो जवळ घ्या. स्टान्स नेमका कसा पाहिजे तेवढं सांगा, मी रोज सांजच्याला घटवून घेतो तिच्याकडून.

जुना_कॅचर
दादा, असं मोघम सांगून कोणालाच काही सांगता यायचं नाही. बेसबॉल का सॉफ्टबॉल? पोरीचं वय काय, उंची काय? बॅट किती इंची? अन् मिस कशी होतेय ते सांगा, बॉल निघून गेल्यावर बॅट येतेय का आधीच फिरतेय? बॉलच्या वरून जाते का खालून? मी नांदेडला नऊ वर्षं कॅचर म्हणून, बॅटरच्या मागं बॉल झेलायला, बसलोय, बॅटरचे पाय कॅचरइतके कोणाला दिसत नाहीत, पण इथून मला तुमच्या पोरीचे पाय दिसणार नाहीत.

कव्हर_पॉइंट
माझं ऐका, तिला क्रिकेटमधी टाका. पोरींच्या क्रिकेटला आता चांगले दिवस आलेत, टीव्हीवर दिसायलेत पोरी. बेसबॉल खेळून मराठवाड्यातल्या लेकराला काय मिळणार?

गोदाकाठ
काय मिळणार ते विचारलं नाही मी. तिला बेसबॉल आवडतो, विषय संपला.
कॅचर दादा, बेसबॉलच. चौदावं सरलंय, नववीला आहे. उंची पाच फुटाला एक-दोन बोटं कमी. बॅट शाळेची आहे, शाळेत दोनच आहेत. बॉल निघून जातो अन् मग बॅट येते, हे तर मलाबी दिसायलंय.

लातूरची_ताई
मी विद्यापीठापर्यंत सॉफ्टबॉल खेळले, आता लेकरांना शिकवते. उशीर होत असेल तर पहिलं काम टी, म्हणजे बॉल वर ठेवून मारायचा उभा दांडा. बाजारातून आणायची गरज नाही, अडीच फुटी पीव्हीसी पाइप घ्या, जुन्या रंगाच्या डब्यात सिमेंट घालून त्यात उभा करा अन् वरच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवा, बॉल त्यावर बसतो. रोज शंभर बॉल. माझ्या पोरींना मी पहिला महिनाभर पिचरसमोर, म्हणजे बॉल टाकणाऱ्यासमोर, उभंच राहू देत नाही. स्टान्सचं म्हणाल तर पाय खांद्यापेक्षा थोडे जास्त लांब, गुडघे मोकळे, वजन टाचेवर नको चवड्यावर पाहिजे, हात मागच्या खांद्याजवळ. एवढंच. बाकी जो तो आपल्या अंगाप्रमाणं उभा राहतो.

कव्हर_पॉइंट
ताई शंभर बॉल उभ्या बॉलला मारून काय होणार, बॉल येतो तो हलता येतो. पुढचं कोपर वर, बॅट सरळ, पाय बॉलच्या रेषेत. बॅटिंग म्हणजे बॅटिंग, मी जिल्ह्याला ओपनिंग केलीय.

जुना_कॅचर
तीच तर गडबड होते भाऊ. तुमच्यात बॉल टप्पा खाऊन खालून वर येतो म्हणून बॅट सरळ. इथं टप्पाच नाही, बॉल हवेतून वरून खाली उतरत येतो, त्याच्या वाटेत बॅट आडवी जास्त वेळ राहिली पाहिजे. क्रिकेटमधून आलेलं लेकरू कोपर वर काढतं, हात अंगापासून लांब टाकतं, बॅट मोठा वळसा घेऊन येते, मग उशीर होणारच. पूर्ण मापाच्या ग्राउंडवर पिचर ते होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, १८.४४ मीटर. ताशी ८० किलोमीटरनं टाकलेला बॉल पाऊण सेकंदाच्या आसपास येऊन पडतो, त्यात बघायचं, ठरवायचं अन् फिरवायचं. वळशाला टाइम कुठंय?
ताईंचं टीचं बरोबर आहे पण शंभर लई झाले, लेकरू थकलं की चुकीचंच घटतं. पंचवीस नीट मारू द्या.

गोदाकाठ, दोन गोष्टी आज बघून सांगा. बॅटच्या बुडाला, गोल मुठीवर, आकडे कोरलेले असतात ते वाचा. अन् तिला बॅट धरायला सांगून बघा, वरच्या बाजूला कोणता हात आहे, अन् दार वाजवतो ती मधली बोटपेरं दोन्ही हातांची एका रेषेत येतात का.

लातूरची_ताई
माझ्या पोरी शंभर मारतात अन् थकत नाहीत. दहा-दहाचे हप्ते करते मी, मधी पाणी, मधी दुसरीची पाळी.

जुना_कॅचर
मग हप्ते करते असं आधी लिहायचं ना ताई.

क्रीडा_माहिती
पालकांनी एक लक्षात ठेवावं, सगळी सर्टिफिकेटं लॅमिनेट न करता जपून ठेवा. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण स्पर्धा कोणत्या पातळीची अन् नंबर कितवा आला ते बघतात, अन् नंतर सर्टिफिकेट पडताळणी करून घ्यावी लागते. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात त्याचाही प्रस्ताव शाळेतून वेळेत गेला पाहिजे. माझ्या पुतण्याचा प्रस्ताव चार दिवस उशिरा गेला अन् गुण हुकले, वर्षभर हळहळत होतो आम्ही.

गोदाकाठ
साहेब धन्यवाद पण आधी बॉल तर लागू द्या.

पीटी_मास्तर
मी क्रीडा शिक्षक आहे (तुमच्या शाळेतला नाही). सगळे सरांवर घसरायच्या आधी एक सांगतो. एका सराकडं चाळीस लेकरं, दोन बॅट, सहा बॉल, त्यात शिलाई उसवलेले तीन, अन् ग्राउंडवर त्याच वेळेला कबड्डीवाले. तरी तो माणूस शाळा सुटल्यावर थांबून शिकवतोय. पालक यूट्यूब बघून घरी वेगळं शिकवतात अन् लेकरू दोन्हीकडून जातं. सरांनी स्टान्स बदलला तर कशामुळं बदलला हे विचारलं का तुम्ही? नेमकं काय बदललं?

गोदाकाठ
सर मी सरांना नावं ठेवलेली नाहीत. पोरांना रानात सोडून मोबाइल बघणारेबी बघितलेत मी, हे तसले नाहीत.

आता आकडे. सोयाबीन काढायचं चालूय म्हणून काल बघायला जमलं नाही. आज शाळेतून बॅट घरी आणायला लावली, मुठीवर ग्रिपची चिकटपट्टी गुंडाळलेली होती ती उकलली तर खाली ३३ अन् त्याच्या बाजूला -३ असं आहे. कशाचं ते ठाऊक नाही.

हाताचं विचारलं तर पोरगी म्हणली, "सर बघत असले की उजवा वर, नसले की डावा." ते काय आहे, ती आधी डावीकडून खेळायची. लिहायला जेवायला उजवीच आहे. आमच्या अंगणात पोरं खेळायची तवा डाव्या बाजूला गोठा, गोठ्यावर बॉल गेला की आउट, म्हशी बिथरायच्या म्हणून तिच्या आजीनं केलेला नियम. उजवीकडं सगळं रान मोकळं. तर ही पाच-सहा वर्षांची असल्यापासून उलटी उभी राहून रानाकडं मारायची. सर म्हणले उजव्या हाताची आहे तर उजवीकडूनच खेळ, म्हणून फिरवली. पेरं एका रेषेत येत नाहीत, मुठी आवळून धरते.

जुना_कॅचर
अहो दादा!! हे सगळ्यात आधी सांगायचं होतं. तुम्ही स्टान्स बदलला म्हणलात, मी समजलो पाय जरा इकडं-तिकडं केले असतील. इथं आख्खी बाजूच बदललीय. आठ वर्षांची सवय मोडून दोन महिन्यांत उलट्या अंगानं मारायला सांगितलं तर कोणाचंही हेच होईल.
उजव्या हाताच्या माणसानं डावीकडून बॅटिंग करणं अजिबात चूक नाही. अमेरिकेत खेळणारा जपानी शोहेई ओहतानी फेकतो उजव्या हातानं अन् मारतो डावीकडून, २०२४ ला एका सीझनमधी ५४ होमरन मारले, आपल्या सिक्सरसारखे. जपानचाच इचिरो सुझुकीसुद्धा मूळचा उजव्या हाताचा, त्याला त्याच्या बापानंच लहानपणी डावीकडून उभं केलं कारण डावीकडचा बॅटर फर्स्ट बेसला, म्हणजे मारल्यावर पळत गाठायच्या पहिल्या ठिकाणाला, दोन पावलं जवळ असतो. २००४ ला त्यानं एका सीझनमधी २६२ हिट मारले, म्हणजे तितक्यांदा बॉल मारून बेस गाठला, तो रेकॉर्ड अजून कोणाला मोडता आला नाही.
अन् बॅट. ३३ म्हणजे ३३ इंच, -३ म्हणजे लांबीच्या आकड्यातून तीन वजा, ३० औंस, साडेआठशे ग्रॅम. ती मोठ्या पोरांची बॅट आहे! पाच फुटी पोरीला ३० इंची द्या, -८ मधली, ती सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास भरते.

कव्हर_पॉइंट
क्रिकेटची बॅट अकराशे-बाराशे ग्रॅमची असते, आमची बारकी पोरं ती उचलतात. वजनाचं कारण पटत नाही. बाजूचं मात्र खरंय, सौरव गांगुलीबी बाकी सगळं उजव्या हातानं करायचा, बॅटिंग तेवढी डावीकडून.

जुना_कॅचर
क्रिकेटची बॅट खाली लोंबते अन् झुल्यासारखी येते. ही खांद्यावर उभी धरायची अन् थांबलेली एकदम फिरवायची. तिला सांगा एका हातानं बॅट बाजूला आडवी धरून तीस सेकंद उभं राहा. हात थरथरला, बॅट खाली आली तर जड आहे.

औंढा_रोड
बेसबॉलवरून आठवलं, आपल्या रिंकू सिंगला अमेरिकेत बेसबॉल खेळायला नेलं होतं ना?

लातूरची_ताई
तो रिंकू सिंग वेगळा, केकेआरचा नाही. उत्तर प्रदेशातली भाला फेकणारी दोन पोरं होती, रिंकू सिंग अन् दिनेश पटेल, २००८ ला पिट्सबर्ग पायरेट्सनं घेतलं त्यांना. ते पिचर होते, बॅटिंगशी संबंध नाही.
गोदाकाठ दादा, अजून एक बघा. अंगणात पाणी मारून माती ओली करा, तिला दोन्ही बाजूंनी दहा-दहा स्विंग मारू द्या अन् पुढच्या पायाचा ठसा कुठं उमटतो ते बघा. ठसा पिचरच्या दिशेनं पाहिजे. बाजूला पळत असेल तर बॉलची भीती बसलीय. जड बॅटनं उशीर झाला की आतला बॉल हातावर, बरगडीत बसतो, अन् मग पाय आपोआप पळतो. तसं असेल तर आठ दिवस टेनिस बॉलनं खेळवा. अन् डोळे तपासून आणा, आमच्या एका पोरीला नंबर निघाला होता अन् आम्ही वर्षभर तिचा स्विंग दुरुस्त करत बसलो होतो. तिला लई बोलले होते मी, अजून वाईट वाटतं.

घरचं_तूप
ताकद कमी पडतेय, दुसरं काही नाही. शेंगदाणे-गुळाचा लाडू सकाळी, रात्री म्हशीचं दूध. घरी म्हशी आहेत म्हणताय तर दूध डेअरीला घालू नका, लेकराला पाजा.

पीटी_मास्तर
बाजूचं कळल्यावर मीही सांगतो, सरांशी बोला. पण ग्राउंडवर सगळ्यांसमोर नको, अन् "नेटवरचे लोक म्हणतात" असंही म्हणू नका. त्यांना गोठ्याची गोष्ट सांगा. बहुतेक पोरीनं त्यांना सांगितलंच नसेल की ती लहानपणापासून डावीकडून खेळते, त्यांना वाटलं असेल गंमत म्हणून उलटी उभी राहतेय. नववीतली लेकरं सरांपुढं तोंड उघडत नाहीत. दोन्ही बाजूंनी दहा-दहा बॉल टाकून बघा एवढीच विनंती करा, त्यांचे डोळे आहेत, त्यांना दिसेल.

गोदाकाठ
सगळ्यांना सांगतो काय झालं ते. माती ओली करून बघितलं. उजवीकडून दहाच्या दहा ठसे बाजूला, टाचेचा खड्डा अन् बोटं बाहेरच्या अंगाला वळलेली. डावीकडून आठ ठसे एकावर एक पडलेत, झाकून ठेवावेत असे. मी तिला विचारलं बॉल लागला होता का कधी, तवा तिनं बाही वर केली. दंडावर अजून पिवळट डाग आहे, तीन आठवड्यांमागचा. घरी कोणालाच बोलली नव्हती, सर टीममधून काढतील म्हणून. तिची आई अन् मी रात्रभर झोपलो नाही.

आज सकाळी सरांना जाऊन भेटलो. मास्तर, तुम्ही म्हणलात तसंच, सरांना ठाऊकच नव्हतं. डाग दाखवला तर ते गप झाले, मग स्वतः बॉल हातात घेतला अन् जवळून हळू वीस टाकले. डावीकडून चौदा लागले, त्यातले चार-पाच नीट, कडक आवाज आला. सर म्हणले, खेळ मग डावीकडून. पोरगी येताना गाडीवर मागं बसून काही बोलली नाही, फक्त माझ्या पाठीला डोकं टेकवून बसली होती.

डोळ्याच्या डॉक्टरचा नंबर सोमवारी लावलाय. पाइपाची टी आज सांजच्याला करायलोय. राहिली बॅट. परभणीत दोन दुकानं फिरलो, ३० इंची नाही, मागवावी लागेल म्हणले, आठ-दहा दिवस लागतील, तोवर मॅचेस येऊन ठेपतील. कोणाकडं जुनी असली तर सांगा, पैसे देतो.

लातूरची_ताई
टेनिस बॉलचं विसरू नका, दंड बरा होईपर्यंत कडक बॉल नकोच. अन् मॅचला हेल्मेट तिच्या मापाचं आहे का बघा, ढिलं असलं की डोळ्यावर येतं.

जुना_कॅचर
माझ्या भाचीची ३० इंची -८ घरी पडून आहे, ती आता मोठी झाली. ग्रिप फाटलीय तेवढी, बॅट सरळ आहे, पोचा नाही. पैसे नकोत, मॅचेस झाल्यावर परत करा नाहीतर तिथंच दुसऱ्या एखाद्या लेकराला द्या. उद्या सकाळच्या नांदेड-परभणी बसला कंडक्टरकडं देतो, कापडात गुंडाळलेली असेल. गाडीचा नंबर मेसेजमधी टाकतो, स्टँडवर वेळेच्या आधी जाऊन थांबा.