मदत हवी आहे: शेजारची बालवाडी फुकट, आता पाळणाघराची जाहिरात कशी करावी? (जळगाव)

पाळणाघर_पिंप्राळा
घरच्या घरी पाळणाघर आहे. जागा १४ मुलांची, मदतनीस दोघी. जवळच्या सरकारी शाळेच्या आवारात अंगणवाडी सुरू झाली. तिथे गाणी, अक्षरओळख, गरम खिचडी, सगळं फुकट. साडेतीन ते पाच वयाची पाच मुलं जूनमध्ये तिकडे गेली. आता आठ उरलीत: पाच तीन वर्षांवरची, तीन दोनच्या आतली. फी ९ ते ६ या वेळेची ३५०० रुपये, जेवण धरून.

फी ५०० ने कमी करायची, बोर्डावर 'नर्सरी' असं लिहायचं आणि पेपरातून ३००० पत्रकं टाकायची, असं डोक्यात आहे. जाणकारांनी सांगावं.

तापीकाठ
तिन्ही करू नका. आधी फीचा हिशोब बघा. आज ८ × ३५०० म्हणजे २८,००० येतात. ३००० केली की २४,०००. आहे तिथेच राहायला दोन मुलं नवी लागतील, आणि त्यांचं जेवण वेगळं. शिवाय फुकटाशी किमतीत कोण जिंकणार? ३००० काय नि २५०० काय, शून्यापुढे दोन्ही महागच.

'नर्सरी' लिहिलंत की लोक तुमची तुलना अंगणवाडीशीच करणार. तुमच्याकडे विकायला आहेत ते तास. अंगणवाडी दुपारी सुटते आणि आईची नोकरी सहापर्यंत असते. मधल्या वेळात मूल कुठे? जी पाच मुलं गेली त्यांच्या घरी आज हाच प्रश्न असेल. म्हणून पहिले पाच फोन त्यांनाच करा: "सकाळी अंगणवाडीतच जाऊ द्या, सुटल्यावर आम्ही घेऊन येतो, जेवू घालतो, झोपवतो."

आणण्याची सोय हाच खरा माल आहे, आणि घोळही तिथेच होतो. सेविका अनोळखी बाईच्या हाती मूल देणार नाही, देऊही नये. पालकांच्या सहीचं पत्र, त्यावर मदतनिसीचा फोटो, एक प्रत सेविकेकडे, एक तुमच्याकडे. मदतनीस बदलली की त्याच दिवशी पत्र बदला. पायी आणायचं तर एका बाईमागे दोनच मुलं, दोन हात म्हणून दोन. आणि उन्हाळ्यात शाळा सकाळची होते तेव्हा अंगणवाडीची नवी वेळ आधीच विचारून ठेवा, नाहीतर मूल फाटकात आणि तुमची बाई अजून भाजी निवडतेय असं होतं. जळगावच्या एप्रिलच्या उन्हात हे परवडत नाही. टोपी, पाण्याची बाटली बाईच्या पिशवीत कायमची.

केळीचं_पान
तापीकाठ यांच्याशी सहमत, फक्त अर्ध्या दिवसाच्या फीबद्दल एक भर. लोक तास मोजतात आणि निम्मी फी सांगून बसतात. दुपारी १ ते ६ मध्ये जेवण, झोप, गादी, पंखा-कूलर, दोन्ही बायका सगळंच लागतं. सकाळची जागा रिकामी राहते आणि तेवढ्यापुरतं दुसरं मूल सहसा मिळत नाही. ३५०० असेल तर याचे २८०० घ्या, आणण्यासह.

दिवाळीच्या सुट्टीत तेच मूल पूर्ण दिवस येणार. महिन्याला दोन पूर्ण दिवस फीत धरा, पुढे दिवसाला १५० वेगळे. हे आधी लिहून दिलं नाही तर भांडण ठरलेलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आया लेकरं घेऊन माहेरी जातात, त्या पंधरवड्याचं काय तेही कागदावर हवं. जागा राखायची असेल तर निम्मी फी, असं बरेच ठेवतात.

खान्देशी_माय
तुमचं खरं गिऱ्हाईक तीन वर्षांखालचं आहे आणि धाग्यात अजून कोणी त्याकडे वळलं नाही. अंगणवाडीत तीनच्या आतल्या मुलाला घरपोच आहार मिळतो, वजन होतं, लस मिळते. दिवसभर सांभाळ नाही. बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे. म्हणजे बाळ साडेपाच-सहा महिन्यांचं झालं की आई कामावर, रजा आधीपासून घेतली असेल तर त्याहून लवकर. पाळणाघर ती त्याआधी दोन-अडीच महिने शोधते.

बाळाच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. साडेतीन महिन्यांच्या लसीला जी आई दवाखान्यात बसलीय, तिच्या डोक्यात नेमका हाच विचार असतो. तुमच्या दोन किलोमीटरच्या आतले बालरोगतज्ज्ञ आणि लेडी डॉक्टर शोधा, कंपाउंडरच्या टेबलावर कार्ड ठेवायची परवानगी मागा. २०० कार्डं पुरतात. डॉक्टरांना एकदा जागा दाखवायला बोलवा. त्यांनी जागा डोळ्यांनी पाहिली असेल तर विचारणाऱ्या आईला ते खात्रीनं सांगतील.

पण तान्ह्यांची फी ३५०० ठेवली तर बुडाल. एका बाईकडे तीनच तान्ही द्यावीत. बाईला ८००० देत असाल तर एका बाळामागे २७०० तिथेच गेले. ८०० मध्ये वीज, धुणं, खाणं, तुमची मेहनत? दीड वर्षाच्या आत ५००० च्या खाली जाऊ नका, आणि अशी सहाच्या वर घेऊ नका.

आईचं काढलेलं दूध येणार असेल तर डब्यावर नाव आणि वेळ. सामान्य खोलीत चार तास टिकतं म्हणतात ते २५ अंशांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा आलं की सरळ फ्रीजमध्ये. वीज गेली तर बर्फाचा डबा हाताशी हवा. उरलेलं उष्टं दूध परत ठेवायचं नाही. बाटलीऐवजी वाटी-चमचा, कारण बाटली नीट उकळली नाही की जुलाब ठरलेले.

पहिला आठवडा रुळवण्याचा: दोन दिवस एक तास आईसह, दोन दिवस दोन तास आईविना, मग अर्धा दिवस. आई रुजू व्हायच्या दहा दिवस आधी हे सुरू व्हायला हवं. हे वेळापत्रक कार्डाच्या मागे छापा, दुसऱ्या कुठल्या जाहिरातीची गरज पडणार नाही.

(मदतनीस अहिराणी बोलणारी असेल तर लपवू नका. गावाकडून आलेलं, आजीजवळ वाढलेलं लेकरू "काय व्हयनं रे?" (काय झालं रे?) ऐकलं की निम्मं गप्प होतं.)

भरीत_पुरी
पत्रकांबद्दल: ३००० घरांत तीनच्या आतलं मूल, नोकरी करणारी आई आणि घरात आजी नाही, अशी घरं किती? बाकी सगळा कागद रद्दीत. सरकारी बदल्या साधारण एप्रिल-मे मध्ये होतात. बँक, शाळा, महसूल, पोलीस, जी कुटुंबं नव्यानं येतात त्यांच्याजवळ आजी नसते. त्यामुळे जूनच्या गर्दीत ओरडण्यापेक्षा मेच्या मध्यात भाड्याची घरं दाखवणारे एजंट आणि सोसायटीचे वॉचमन यांच्याकडे कार्ड द्या.

गुगलवर बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. पाटीवर आहे तेच नाव टाका. 'जळगावातील सर्वोत्तम' वगैरे नावात घुसडलं तर प्रोफाइल बंद पडू शकतं. फोटो जागेचे: झोपायची खोली, स्वयंपाकघर, जाळी लावलेला जिना, बंद फाटक. मुलांचे चेहरे नकोत, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरही लेखी परवानगीशिवाय नकोत.

केळीचं_पान
एमआयडीसीचा मार्गही आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते, २०१७ च्या दुरुस्तीपासून. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यायला हवं, म्हणून तुमचं घर कामाच्या ठिकाणापासून लांब असेल तर उपयोग नाही. तुमच्या जवळचं मोठं खासगी रुग्णालय आधी विचारा. बिल द्यावं लागेल, तर छोट्या व्यवसायांची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. शॉप अ‍ॅक्टची नोंदणी नको, तुमच्याइतक्या थोड्या कामगारांना नुसती ऑनलाइन सूचना पुरते. मदतनिसींची पोलीस पडताळणी झालेली असली पाहिजे. करारात पैसे 'राखीव जागेचे' लिहा, 'हजर मुलांचे' नाही.

पाळणाघर_पिंप्राळा
खूप आभार. बोर्ड असा केला तर?
"पाळणाघर. ६ महिने ते ६ वर्षे. सकाळी ९ ते संध्याकाळी ६. अंगणवाडीतून आणण्याची सोय."
सेविकाताईंना कार्ड दिलं तर चालेल ना? की त्यांना वाटेल मुलं पळवायला आले?

तापीकाठ
आया पाळणाघराबद्दल त्यांनाच विचारतात, म्हणून जरूर द्या. फक्त पैशाची किंवा कमिशनची भाषा नको, त्या अडचणीत येतील. त्यांना सांगा, "आमच्याकडची मुलं रोज वेळेवर अंगणवाडीत सोडू, तुमची पटावरची हजेरी वाढेल."

बोर्डावर ९ ऐवजी ८.३० लिहा. नऊला ऑफिसात पोचायचं असेल ती आई नऊला तुमच्या दारात कशी येईल?