चिकमगळूरचा कॉफीमळा: एप्रिलपेक्षा डिसेंबर बरा

फुलांचा बहर पाहण्यासाठी एप्रिलमध्ये कर्नाटकातील चिकमगळूरला जावे, असे काहीजण सुचवतात. कॉफीची पांढरी फुले वळवाच्या सरीनंतर आठ-दहा दिवसांनी उमलतात आणि दोन-चार दिवसांतच कोमेजतात, त्यामुळे तो मुहूर्त साधणे कठीण. मी डिसेंबरचाच आग्रह धरेन, कारण तेव्हा अरेबिका जातीच्या कॉफीची तोडणी चालू असते आणि लाल फळापासून कपापर्यंतचा प्रवास एकाच फेरीत पाहता येतो.

आम्ही पाहिलेला मळा जेमतेम सहा एकरांचा होता. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी, त्याच खोडांवर मिरीचे वेल. मालकांनी एक पिकले फळ चिमटीत दाबले, तेव्हा बुळबुळीत, गोडसर गरात लपेटलेल्या दोन बिया माझ्या तळहातावर आल्या. त्या चोखून पाहाव्यात.

चव घेताना दूध-साखर कटाक्षाने टाळावी. भरड पुडीवर गरम पाणी ओतल्यावर चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडतात, त्या क्षणी नाक कपाजवळ न्यावे. पहिल्या घोटावरून मत बनवू नये. कॉफी कोमट होऊ द्यावी, कारण तिचा फळासारखा आंबटगोडपणा तेव्हाच नीट जाणवतो.