क्लस्टरच्या स्क्रॅचसाठी कोणती फाइल सिस्टीम? माझं मत: आधी नोडमधली डिस्क वापरा

कृष्णाकाठ
सांगलीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १६ नोडचं क्लस्टर (मोठी गणितं मिळून करणारे, नेटवर्कनं जोडलेले १६ संगणक) सांभाळतो. प्रत्येक नोडमध्ये ९६० जीबीची एसएसडी आहे आणि ती जवळपास रिकामी आहे. होम (प्रत्येकाची कायमची जागा) असो वा स्क्रॅच (जॉब चालू असतानाची तात्पुरती जागा), सगळे जॉब एकाच एनएफएस सर्व्हरवर (नेटवर्कवरून सगळ्या नोडना फाइली देणाऱ्या संगणकावर) लिहितात आणि त्या सर्व्हरला १ गिगाबिटची एकच केबल. म्हणजे फार तर सेकंदाला ११० एमबी. सोळाही नोड एकदम लिहायला लागले की एकेकाच्या वाट्याला सात एमबीसुद्धा येत नाहीत. आतली सॅटा एसएसडी एकटी पाचशेच्या आसपास देते.

थोडा निधी आलाय आणि विभागात ‘लस्टर नाहीतर बीजीएफएस घालू’ असं चाललंय, म्हणजे अनेक डिस्क जोडून सगळ्या नोडना एकच जागा दाखवणारी फाइल सिस्टीम. मला ते पटत नाही. रसायनशास्त्राची पोरं गॉसियन (रेणूंची गणितं करणारं सॉफ्टवेअर) चालवतात. त्याची तात्पुरती फाइल शेकडो जीबीची होते, एकच नोड ती वाचतो आणि जॉब संपला की ती फेकूनच द्यायची असते. ती केबलवरून नेऊन परत आणायची कशाला? माझा प्रस्ताव असा: प्रत्येक एसएसडीवर एक्सएफएस ही एका डिस्कपुरती फाइल सिस्टीम, स्लर्मनं (नोडवर जॉब वाटणाऱ्या प्रोग्रॅमनं) जॉब सुरू होताना तिथं फोल्डर करून द्यायचं आणि जॉब संपला की पुसायचं.

मिरज_जंक्शन
दादा, गॉसियनपुरतं मान्य. पण आमचे ओपनफोमवाले (हवा-पाण्याच्या प्रवाहाची गणितं करणारे) चार-चार नोडवर पसरतात. ६४ कोअर, प्रत्येक कोअरचं वेगळं फोल्डर, प्रत्येक टप्प्याला सात-आठ फाइली. शंभर टप्पे लिहिले की पन्नास हजारांच्या आसपास फाइली, त्याही चार डिस्कवर विखुरलेल्या. गोळा कोण करणार? बीजीएफएसनं त्याच सोळा एसएसडी एकत्र बांधा, सगळ्या नोडना एकच जागा दिसेल. नवीन सर्व्हरसुद्धा घ्यायला नको.

कृष्णाकाठ
सोळा डिस्क एकत्र बांधल्या की सोळाही जिवंत राहायला लागतात. बीजीएफएस मूळ सेटिंगमध्ये मोठी फाइल ५१२ केबीच्या तुकड्यांत चार ठिकाणी वाटतं. एक नोड बंद पडला की मोठ्या फाइलींपैकी साधारण चारातली एक वाचता येत नाही. आरसा ठेवला, म्हणजे प्रत्येक तुकड्याची दुसरी प्रत ठेवली, तर जागा निम्मी. आणि आमच्याकडं वळवाच्या पावसात लाइट कशी जाते ते मिरजेच्या माणसाला सांगायला नको. आज एक नोड गेला तर एक जॉब जातो. तुमच्या पद्धतीनं सगळ्यांचेच अडकतील.

तासगाव_बेदाणा
लस्टरबद्दल अनुभवानं सांगते. एक बसवलं होतं. वेग आहे, त्यात शंका नाही. पण सर्व्हर बाजूचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ठरावीक, क्लायंटचं म्हणजे नोडवरचं मॉड्यूल कर्नलशी जुळलेलं. ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट केली की दोन दिवस गेलेच. मोठ्या केंद्रांत त्यासाठी वेगळी माणसं असतात. आपल्याकडं एकच माणूस, तोच प्रॅक्टिकलही घेतो. आणि बारीक फाइलींचा ढीग हे लस्टरचंही दुखणं आहे, कारण प्रत्येक फाइल उघडताना ती कुठं आहे ते मेटाडेटा सर्व्हरला विचारावं लागतं.

मिरजकरांच्या ओपनफोमला दुसरा उपाय आहे. त्यात ‘कोलेटेड’ नावाची लिहायची पद्धत आहे, प्रत्येक कोअरची वेगळी फाइल न होता एका फील्डची एकच फाइल होते. ती लावली तर पन्नास हजारांच्या सातशे-आठशे होतील. फाइल सिस्टीम बदलायच्या आधी हे करून बघा.

मिरज_जंक्शन
कोलेटेड माहीत नव्हतं, करून बघतो. पण एकत्र जागा लागतेच, या मुद्द्यावरून मी हटत नाही.

वारणाकाठ
एक्सएफएसच का? लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टीम सगळ्यांच्या हातातली आहे. एक्सएफएस नंतर लहान करता येत नाही. आणि लाइट गेली की तिच्यात शून्य बाइटच्या फाइली सापडतात.

कृष्णाकाठ
शून्य बाइटचं जुन्या कर्नलमध्ये होतं, ते बरंच सुधारलंय. तसंही स्क्रॅचवर लाइट गेली की जॉब पुन्हाच सुरू करायचा. लहान करायची गरजही पडत नाही, स्क्रॅच कधीही पुसून नव्यानं फॉरमॅट करता येते, अर्ध्या मिनिटाचं काम.

एक्स्ट४ नं मला एकदा रडवलंय. डिस्कवर अर्धी जागा मोकळी दिसत होती आणि जॉब ‘जागा संपली’ म्हणून मरत होते. दुपार गेली शोधण्यात. आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदी, संपले होते. एक्स्ट४ मध्ये ते फॉरमॅट करतानाच ठरतात, एक्सएफएस लागेल तसे बनवते. शिवाय एक्स्ट४ पाच टक्के जागा रूटसाठी (मुख्य प्रशासकाच्या खात्यासाठी) राखते. ९६० जीबीत ४८ जीबी गेले. ते बंद करता येतं, पण सोळा नोडवर कुणीतरी विसरतंच.

हरिपूरची_हळद
मी शिकणारी मुलगी आहे, सरांच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे. माझा तीन दिवसांचा जॉब दुसऱ्या एका क्लस्टरवर असाच गेला. निकाल होममध्ये कॉपी करायची ओळ स्क्रिप्टच्या शेवटी होती. पहाटे वेळेची मर्यादा संपली, जॉब मारला गेला, ती ओळ चाललीच नाही आणि साफसफाईनं फोल्डर पुसलं. सकाळी काहीच नव्हतं. एनएफएस हळू असेल, पण अर्धा निकाल तरी हातात राहतो.

आमच्या गावात हळद पेवात (जमिनीखालच्या खोल खड्ड्यात) साठवायचे, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरानं त्यातली बरीच पेवं खराब केली. जागा कायमची आहे असं माणूस धरून चालतो, तिथंच घात होतो. पुसणारी स्क्रिप्टसुद्धा साधी गोष्ट नाही. क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये जुनी लॉग पुसणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती चढवली गेली. संशोधकांचा ७७ टीबी डेटा गेला.

कृष्णाकाठ
ताई, क्योटोचं मनावर घेतो. पुसणारी स्क्रिप्ट फक्त त्या जॉबच्या क्रमांकाच्या फोल्डरला हात लावेल, क्रमांक रिकामा आला तर काहीही न करता थांबेल. वेळ संपण्याआधी स्लर्मला इशारा द्यायला सांगता येतं. दहा मिनिटं आधी सिग्नल, तो मिळाला की स्क्रिप्ट निकाल होममध्ये नेईल. सगळ्यांच्या नमुना स्क्रिप्टमध्ये मीच घालून देईन, कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडणार नाही.

हरिपूरची_हळद
सर, माझा निकाल २०० जीबीचा होता. तुमच्याच ११० एमबीनं भागा. तीस मिनिटं होतात. दहा मिनिटांत तिसरा हिस्सा पोचेल.

तासगाव_बेदाणा
बरोबर आहे तिचं. आणि त्याच वेळी आणखी दोन जॉब संपले तर तीस मिनिटंही पुरणार नाहीत.

कृष्णाकाठ
हे मी मोजलं नव्हतं. एक्सएफएस आणि नोडमधली डिस्क यावर मी ठाम आहे, पण निधी आता सर्व्हरच्या १० गिगाबिट कार्डाला आणि स्विचला मागतो. सिग्नल एक तास आधी ठेवतो. सर्व्हरमध्ये रेड-६ च्या (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणाऱ्या रचनेच्या) १२ फिरत्या डिस्क आहेत. त्या डिस्क १० गिगाबिटच्या वेगानं लिहून घेतात का, ते शनिवारी लॅब रिकामी असताना चार नोडवरून एकदम कॉपी लावून बघतो. आकडे इथंच टाकतो.

मिरज_जंक्शन
चार नको, सोळाही लावा. मी येतो शनिवारी.