हळदीला स्युडोमोनास सोडला तर मुळाशी आधीच्या जिवाणूंचं काय होतं?

हळदकरी, ता. वाळवा
रामराम मंडळी. काळं रान, गादीवाफ्यावर सेलम हळद, ठिबक. मागल्या साली परतीच्या पावसात उताराच्या अंगाला कंदकूज लागली. यंदा बेण्याला स्युडोमोनास (रोगाला आवर घालणारा जिवाणू) लावलाय, आता आळवणी करायचीय, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी सोडायचाय. जीवामृतही देतो. बाहेरून आणलेले जिवाणू रानातल्या चांगल्या जिवाणूंना मारतात का? आणि टिकतात किती? दुकानात विचारलं तर एवढंच म्हणतात, सोडा बिनधास्त.

मातीवाली, मिरज
दादा, सरसकट मारत नाहीत, पण वस्ती बदलतात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि आता सासरची हळद बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

पांढरी मुळी साखर, आम्लं असं बरंच काही बाहेर सोडते. त्यामुळे मुळालगतच्या पातळ थरात मोकळ्या मातीच्या कितीतरी पट जिवाणू असतात. हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली या थराला ऱ्हायझोस्फिअर नाव दिलं. सगळी चढाओढ तिथल्या खाण्यासाठी.

त्यात लोह फार महत्त्वाचं. आपल्या चुनखडीच्या रानात सामू (पीएच) आठच्या आसपास. लोह असतं, पण विरघळत नाही. स्युडोमोनास सिडेरोफोर नावाचं द्रव्य सोडून ते ओढून घेतो आणि कंदकूज करणाऱ्या, बुरशीसारख्या पिथियमची उपासमार होते. स्युडोमोनासचे काही वाण प्रतिजैविकंही सोडतात. त्यात शेजारचे काही चांगले जिवाणूही मागे पडतात, काही उलट वाढतात. शिवाय झाडाची प्रतिकारशक्ती जागी होते, मुळातून झिरपणारं खाद्य बदलतं, आणि खाद्य बदललं की खाणारेही बदलतात. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

टिकण्याचं म्हणाल तर जुने जिवाणू नव्याला सहज थारा देत नाहीत. काही आठवड्यांत संख्या घसरते, म्हणून एका आळवणीवर हंगाम निघत नाही. वाफसा असताना, संध्याकाळी सोडा. बॅसिलस हा दुसरा उपयोगी जिवाणू बीजाणू करून तग धरतो, स्युडोमोनासला ते जमत नाही. त्याची बाटली उन्हात ठेवू नका.

आणि उताराला चर काढाच. पिथियमचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. तिथे पाणी तुंबलं तर कुठलाच जिवाणू पुरा पडणार नाही.

द्राक्षवाला, तासगाव
ताईंनी नेमकं सांगितलं. एक जोड देतो: कॉपरयुक्त बुरशीनाशकाची आळवणी आणि जिवाणू यांत आठ-दहा दिवस जाऊ द्या. तांब्याने बुरशीबरोबर जिवाणूही मरतात.

हळदकरी, ता. वाळवा
ताई, लोहाचं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. जीवामृत त्याच दिवशी सोडू का?

मातीवाली, मिरज
नको. त्यात शेणातले जिवाणू मुबलक असतात, वर गूळ. मी आधी स्युडोमोनास मुळाला चिकटू देते, जीवामृत आठवड्याने. शेणखत मात्र आधीच कुजवून घातलेलं हवं.