पीएम ई-बस सेवा: केंद्राचे किमीमागे २२ रुपये वजा जाता मनपाला किती भरावे लागतात?

अंदाजपत्रक_वाचक:
आमच्या मनपाला पीएम ई-बस सेवेतून (शहरांत विजेवरच्या बस चालवायची केंद्राची योजना) ९ मीटरच्या ५० बस मंजूर झाल्या आहेत. सभेत सांगितलं गेलं की बस ठेकेदाराच्या आणि पैसे केंद्राचे, त्यामुळे आपल्यावर फारसा बोजा नाही. हे खरं आहे का? तरतूद किती मागायची?

किमी_हिशेब:
अजिबात खरं नाही, आणि हा गैरसमज पुढे फार महागात पडतो. केंद्र बसची किंमत देत नाही, किलोमीटरमागे मदत देतं. १२ मीटरला २४, ९ मीटरला २२ आणि ७ मीटरला २० रुपये, १० वर्षांपर्यंत. ठेकेदाराला निविदेतला पूर्ण दर द्यायची जबाबदारी मनपाचीच.

दर ५५ रुपये आणि रोजचे २०० किमी असं धरून बघा (तुमचे खरे आकडे करारातून घ्या):
५० बस × २०० × ३६५ = ३६.५ लाख किमी
ठेकेदाराचं बिल: २०.०८ कोटी
केंद्राची मदत: ८.०३ कोटी
तिकीट उत्पन्न, किमीमागे २० रुपये धरून: ७.३० कोटी
तूट: ४.७५ कोटी

यात वाहकांचा पगार नाही. ठेकेदार सहसा चालक देतो, वाहक मनपाला नेमावे लागतात. चार्जिंगची वीज कोणाच्या नावावर आहे, तेही करारात बघा. ती मनपाकडे असेल तर तूट आणखी वाढते.

दोन आकडे सभेत जरूर मांडा. उत्पन्न किमीमागे १ रुपयाने घसरलं की तूट ३६.५ लाखांनी वाढते. करारातला दर महागाई निर्देशांकाशी बांधलेला असेल आणि ४ टक्के वाढला, तर वर्षाला ८० लाख जास्त लागतात. केंद्राचे २२ योजनेत ठरलेले आहेत आणि तिकीटदर तर वर्षानुवर्षं हलत नाहीत. वाढीचा सगळा भार मनपावर येतो.

डेपो_वेळापत्रक:
वरच्या हिशेबात खात्रीच्या किलोमीटरची (बसला रोज इतके किमी देऊच, अशी मनपाने ठेकेदाराला दिलेली हमी) भर घालतो. २०० किमीची हमी दिली आणि बस १६० च धावली, तर उरलेल्या ४० चेही पैसे (पूर्ण किंवा करारात ठरलेल्या कमी दराने) द्यावे लागतात, जर चूक ठेकेदाराची नसेल. गर्दीच्या शहरात सरासरी वेग ताशी १५ किमी धरला तर २०० किमीला १३ तासांहून जास्त धाव लागते. त्यात चार्जिंग, चालक बदल आणि शेवटच्या थांब्यावरची विश्रांती धरा. वेळापत्रक न आखता हमीचा आकडा मान्य केला की न धावलेल्या बसचं बिल दर महिन्याला येतं.

डेपो ते पहिला थांबा हे रिकामे किमी मोजायचे की नाही, हेही आधीच लिहून घ्या. जीपीएसचे किमी आणि ठेकेदाराच्या लॉगशीटचे किमी यांत फरक पडला की पहिला वाद यावरूनच होतो.

अंदाजपत्रक_वाचक:
मनःपूर्वक आभार. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तसं इथे दिलं तर फरक राज्य सरकार भरून देईल ना?

सवलत_कक्ष:
नाही. १७ मार्च २०२३ पासूनची ती सवलत एसटीची आहे आणि तिची प्रतिपूर्ती राज्य एसटी महामंडळाला देतं. मनपाने स्वतःच्या बससाठी सवलत ठरवली तर भरपाईही स्वतःच करायची. महिला अर्ध्या तिकिटात आल्या पाहिजेत असं मलाही मनापासून वाटतं, पण तरतुदीशिवाय जाहीर केलेली सवलत शेवटी फेऱ्या कमी करून वसूल केली जाते, आणि त्याचा फटका त्याच महिलांना बसतो. सवलतीचा वेगळा लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं स्वतंत्र खातं) ठेवा, आणि तिकीट यंत्रात सवलतीच्या तिकिटाला वेगळा प्रकार द्या. नाहीतर किती रक्कम सोडली हे वर्षअखेर कोणालाच सांगता येणार नाही.

किमी_हिशेब:
एक राहिलं. ठेकेदाराचं बिल थकलं की गाड्या डेपोतच थांबतात, म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ३,४३५.३३ कोटींची पेमेंट सुरक्षा यंत्रणा मंजूर केली. थकीत बिल त्या निधीतून भरलं जातं, पण ते अनुदान नाही, नंतर वसूल होतं. परिवहन अंदाजपत्रकात निदान तीन महिन्यांच्या बिलाची, म्हणजे वरच्या हिशेबाने सुमारे ५ कोटींची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायचा प्रस्ताव द्या.